डॉक्युमेंट्स फोल्डर भलत्याच जागी गेलाय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घरी विंडोज ११ चा असेंबल केलेला पीसी आहे. मध्यंतरी दुकानातून २५६ जीबीची एसएसडी बसवून घेतली आणि जुनी १ टीबीची हार्ड डिस्क डी ड्राइव्ह म्हणून तशीच ठेवली. बसवून देणाऱ्या मुलाने ‘सी भरायला नको’ म्हणून डॉक्युमेंट्स डीवर वळवून दिलं. तेव्हापासून डावीकडच्या यादीत डॉक्युमेंट्सवर क्लिक केलं की अख्खी डी ड्राइव्हच समोर येते: लग्नाचे व्हिडिओ, गाणी, मुलाचे गेम, सगळी सरमिसळ. डी ड्राइव्हचं नावसुद्धा ‘डॉक्युमेंट्स’ झालंय. वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, आणखी एक डॉक्युमेंट्स आहे आणि सीवर तिसरा. विचारणारे सोसायटीचे सचिव आहेत. मेंटेनन्सच्या हिशेबाची एक्सेल फाइल तिन्ही ठिकाणी सापडते आणि तिन्हींतले आकडे जुळत नाहीत. ‘रिस्टोअर डिफॉल्ट’चं बटण ज्या टॅबवर असतं म्हणतात तो टॅबच दिसत नाही. मग सगळं फॉरमॅट मारून नव्याने विंडोज टाकू का, असं त्यांनी विचारलंय.

नका टाकू. विंडोजला काहीही झालेलं नाही, आणि फॉरमॅटमध्ये तिन्हींपैकी सीवरची प्रत हमखास जाईल. तीच नेमकी खरी निघाली तर हिशेब पावतीपुस्तकावरून पुन्हा मांडत बसावं लागेल.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळ्या भानगडी एकमेकींत अडकल्यात. पहिली, डॉक्युमेंट्सचा पत्ता चुकीचा नोंदला गेलाय. दुसरी, फायली तीन ठिकाणी पसरल्यात आणि त्यांतली चालू कोणती ते ठाऊक नाही. पहिली भानगड निस्तरायला चहा होईल एवढा वेळ पुरतो. दुसरीला मात्र डोकं शांत ठेवून बसावं लागतं. लोक नेमकं उलटं करतात: आधी पत्ता बदलायची बटणं दाबत सुटतात, त्यात विंडोज फायली इकडून तिकडे हलवतं आणि तीन प्रतींचा गोंधळ आणखी वाढतो. म्हणून माझ्याकडे असा पीसी आला की मी आधी फायलींचा छडा लावतो आणि पत्त्याला शेवटी हात घालतो.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. आपल्याला डॉक्युमेंट्स हा एक फोल्डर वाटतो. विंडोजच्या लेखी ते एक ठरलेलं नाव आहे आणि त्या नावापुढे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, एक पत्ता लिहिलेला असतो. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा प्रत्येक फोल्डरला स्वतःचा एक ओळख क्रमांकही आहे. एक्सेल किंवा स्कॅनरचं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करताना विंडोजला विचारतं, ‘या माणसाचं डॉक्युमेंट्स कुठे आहे?’ विंडोज रजिस्ट्रीतला पत्ता वाचून दाखवतं. पत्ता बदलणं म्हणजे नावाची पाटी एका दारावरून काढून दुसऱ्या दारावर लावणं. आतलं सामान हलवायचं की नाही हा वेगळा निर्णय, आणि विंडोज तो तुम्हाला एका छोट्या खिडकीत ‘होय’ की ‘नाही’ एवढंच विचारून घेतं.

दुकानातल्या मुलाने काय केलं असणार ते मी सांगतो, कारण हे सर्रास होतं. त्याने डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला ‘लोकेशन’ टॅब उघडला, ‘मूव्ह’ दाबलं, समोर आलेल्या खिडकीत डी ड्राइव्ह निवडली आणि तशीच ‘सिलेक्ट फोल्डर’ दाबून मोकळा झाला. डीवर आधी एखादा फोल्डर करून तो निवडायचा असतो. तो केला नाही, म्हणून ड्राइव्हचं मूळच, म्हणजे तिची सगळ्यात वरची पातळी, डॉक्युमेंट्स ठरलं. आता तुम्ही डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ काढता तेव्हा विंडोज फोल्डरची नव्हे, ड्राइव्हची माहिती दाखवतं: किती जागा भरली, किती उरली, ते गोल चित्र. त्या खिडकीत ‘लोकेशन’ टॅब नसतोच. तुमचं बटण बिघडलेलं नाही, ते जिथे असायला हवं ती खिडकीच उघडत नाही.

मुलाचा हेतू वाईट नव्हता, हेही सांगतो. आपल्याकडे सी आणि डी असे भाग पाडून डेटा डीवर ठेवायची पद्धत जुनी आहे. विंडोज बिघडलं की सी फॉरमॅट मारायचं, डी तसंच ठेवायचं. त्यात तथ्य आहे. मात्र तिचा एक दुष्परिणाम असा झाला की डीवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, अशी पुष्कळांची समजूत बसलीय. सी आणि डी एकाच डिस्कचे भाग असतील तर डिस्क गेली की दोन्ही जातात. तुमच्याकडे डी ही वेगळी हार्ड डिस्क आहे, पण ती जुनी आहे. दोन्हींत आधी कुरकुर करायला लागेल ती बहुधा तीच.

आता फायलींचा शोध. काहीही हलवण्याआधी एक बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर तीन फोल्डर करा, नावं सरळ ठेवा: सीवरून, डीवरून, वनड्राइव्हवरून. तिन्ही ठिकाणचे वर्ड, एक्सेल, पीडीएफ, स्कॅन त्या त्या फोल्डरात कॉपी करा. कॉपीच, कट नव्हे. लग्नाचे व्हिडिओ आत्ता घेतले नाहीत तरी चालतील, ते या भांडणात नाहीत. कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत दोन्हींच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फायलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा. एखाददुसऱ्या फायलीचा फरक आला तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा लपवलेली डेस्कटॉप-डॉट-आयएनआय फाइल असते. तिची गंमत पुढे येईलच.

वनड्राइव्हवरून कॉपी करताना एक बघायचं. फायलीच्या नावाशेजारी निळ्या ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या संगणकावर नाहीच, फक्त तिचं नाव इथे दिसतंय. नेट चालू नसेल तर ती कॉपी होणार नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि ढगांच्या जागी हिरवे टिकमार्क येईपर्यंत थांबा.

मग हिशेबाची खरी फाइल कोणती? इथे लोक फक्त तारीख बघतात आणि फसतात. एक्सप्लोररमध्ये दोन तारखा असतात: ‘क्रिएटेड’ आणि ‘मॉडिफाइड’. फाइल एका जागेवरून दुसरीकडे कॉपी केली की ‘क्रिएटेड’ला कॉपी केल्याची वेळ पडते, ‘मॉडिफाइड’ मात्र जुनीच राहते. त्यामुळे एखाद्या फायलीची निर्मितीची तारीख तिच्या शेवटच्या बदलाच्या तारखेनंतरची दिसली, तर बुचकळ्यात पडू नका: ती कोणीतरी केलेली प्रत आहे आणि प्रत झाल्यावर तिला कोणी हात लावलेला नाही. तुमच्या तिन्हींपैकी निदान एक तरी अशी निघेल असा माझा अंदाज आहे, बहुधा सीवरची.

उरलेल्या दोन्हींत ‘मॉडिफाइड’ तारीख नवी ती खरी, असं म्हणायचा मोह होईल, पण तेही थोडं सांभाळून. फाइल वनड्राइव्हमध्ये असेल आणि तुमचं एक्सेल ३६५ वालं असेल तर ‘ऑटोसेव्ह’ चालू असतं. नुसती बघायला उघडली, चुकून एका चौकटीत स्पेस पडली, तरी ती ‘आज बदललेली’ म्हणून पुढे येते. त्यामुळे मी तारखेवर पूर्ण भरवसा ठेवत नाही, आतलं बघतो. तिन्ही फायली एकामागून एक उघडा (एकाच नावाच्या दोन फायली एक्सेल एका वेळी उघडत नाही) आणि शेवटची पावती कोणत्या महिन्याची, कोणत्या फ्लॅटची, ते पाहा. सोसायटीचा हिशेब असल्यामुळे तुमच्याकडे पावतीपुस्तक आणि बँकेचं पासबुक आहेच, यापेक्षा चांगला पुरावा नाही. एकात एप्रिलच्या पावत्या आणि दुसऱ्यात मेच्या, अशी वाटणी निघाली तर फायली जोडाव्या लागतील. तो कामाचा भाग संगणकाचा नाही, तुमचाच. वनड्राइव्हवरची फाइल कोणी ओव्हरराइट केली असेल तर वेबवरून लॉगिन करून तिची ‘व्हर्जन हिस्टरी’ बघा. घरगुती खात्याला शेवटच्या २५ आवृत्त्या मिळतात, आणि डिलीट झालेलं ३० दिवस तिथल्या रिसायकल बिनमध्ये असतं.

एक्सेलही थोडी मदत करतं. ‘फाइल’, मग ‘ओपन’ केलं की अलीकडच्या फायलींची यादी येते, त्यात प्रत्येक नावाखाली ती कुठून उघडली होती ते लिहिलेलं असतं. गेले काही आठवडे तुम्ही रोज कुठली फाइल उघडत होता ते तिथे कळतं. सचिवांच्या फायली चेअरमनकडून व्हॉट्सअॅपवरही फिरत असतात, तेव्हा डाउनलोड्समध्येही नजर टाका. चौथी प्रत तिथे नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

खरी फाइल ठरली की तिच्या नावापुढे आजची तारीख घाला आणि बाकीच्या ‘जुन्या प्रती’ नावाच्या फोल्डरात टाका. डिलीट इतक्यात काही करायचं नाही.

आता पत्ता. तो कुठे न्यायचा हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि इथे मतभेद होऊ शकतात. माझं मत: तुमच्या बाबतीत डॉक्युमेंट्स परत सीवर, मूळ जागी न्या. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण २३८ जीबी दिसते. विंडोज आणि सॉफ्टवेअर धरूनही कागदपत्रांना पुष्कळ जागा उरते. वर्ड-एक्सेलच्या फायली किरकोळ असतात, जागा खातात ते फोटो आणि व्हिडिओ. ते डीवर आहेत, तिथेच राहू द्या. डॉक्युमेंट्समध्ये गेमचे सेव्ह, झूमची रेकॉर्डिंग, आउटलुकच्या डेटा फायली असं बरंच काही विंडोज आणि इतर सॉफ्टवेअर स्वतःहून टाकत असतात, त्यांना एसएसडीचा वेगही मानवतो. ज्यांची एसएसडी १२० जीबीची आहे किंवा ज्यांच्याकडे आउटलुकची फाइलच मोठी झालीय, त्यांनी मात्र डीवर न्यावं. पण डीच्या मुळाशी नव्हे, डीवर ‘डेटा’ आणि त्यात ‘डॉक्युमेंट्स’ असा फोल्डर करून तिथे. ही नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा. विंडोजला मराठी नावं व्यवस्थित कळतात, पण घराघरांत अजून चालणारी जुनी हिशेबाची आणि टायपिंगची काही सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीची आहेत, त्यांना देवनागरीतला पत्ता पचत नाही.

एरवी पत्ता परत आणायला रजिस्ट्रीत जायची गरज नसते. कोणी फोल्डर डीवरच्या एखाद्या नीट फोल्डरात नेला असेल, तर ‘लोकेशन’ टॅबवर ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ आणि ‘अप्लाय’ दाबायचं, फायली हलवू का विचारल्यावर ‘होय’ म्हणायचं, झालं. तुमच्याकडे तो टॅब नाही. आणि समजा कुठल्या आडवाटेने मिळाला, तर तिथे ‘होय’ मुळीच म्हणू नका. विंडोजच्या दृष्टीने अख्खी डी ड्राइव्ह हेच तुमचं डॉक्युमेंट्स आहे, ते बिचारं १ टीबीच्या डिस्कवरचा सगळा पसारा २५६ जीबीच्या एसएसडीत कोंबायला निघेल. सी भरून लाल होईल, काम अर्ध्यात थांबेल, आणि अर्धे व्हिडिओ इकडे अर्धे तिकडे.

म्हणून तुमच्यासाठी रजिस्ट्री. नावाला घाबरू नका, एकच ओळ बदलायची आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, रेजएडिट (regedit) असं टाइप करून एंटर. डावीकडे एकेक उघडत जायचं: एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर आणि शेवटी ‘युजर शेल फोल्डर्स’. त्याच्या शेजारीच नुसतं ‘शेल फोल्डर्स’ आहे, तिथे जाऊ नका. मायक्रोसॉफ्टनेच त्यात ‘ही की वापरू नका’ अशी एक ओळ लिहून ठेवलीय, उघडलंत तर दिसेल. ‘युजर शेल फोल्डर्स’ निवडून आधी ‘फाइल’ मेनूतून ‘एक्स्पोर्ट’ करा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. काही बिनसलं तर तिच्यावर डबल क्लिक केलं की जुनी स्थिती परत येते.

उजवीकडे ‘डॉक्युमेंट्स’ नावाची ओळ शोधाल तर सापडणार नाही. तिचं नाव ‘पर्सनल’ आहे, फार जुन्या काळापासून. तिच्यापुढे तुम्हाला डी, विसर्गासारखे दोन टिंब आणि उलटी तिरकी रेघ एवढंच दिसेल. हाच तो चुकलेला पत्ता. डबल क्लिक करा आणि त्या जागी लिहा: टक्क्याचं चिन्ह, युजरप्रोफाइल, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, उलटी तिरकी रेघ, डॉक्युमेंट्स. सगळं इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता: %USERPROFILE%\Documents. टक्क्यांच्या मधला शब्द म्हणजे ‘या युजरचा स्वतःचा फोल्डर’, तो विंडोज आपोआप भरून घेतं. त्याच यादीत महिरपी कंसात एफ४२ईई२डी३ ने सुरू होणारी एक लांबलचक ओळ काही संगणकांवर असते. तीही डॉक्युमेंट्सचीच आहे. असेल तर तिलाही तोच पत्ता द्या, नसेल तर तयार करू नका. रजिस्ट्री बंद करण्याआधी सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’मध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात डॉक्युमेंट्स खरोखर आहे ना ते बघा. नसेल तर साधा नवा फोल्डर करा. मग साइन आउट करून पुन्हा साइन इन.

पत्ता खरंच बदलला का ते तपासायची माझी पद्धत अशी. वरच्या पट्टीत कधी नुसतं ‘डॉक्युमेंट्स’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबत नाही. डावीकडच्या यादीतून डॉक्युमेंट्स उघडायचं, आत राइट क्लिक करून एक रिकामी टेक्स्ट फाइल करायची आणि त्या फायलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘लोकेशन’ची ओळ वाचायची. तिथे जो लिहिलाय तो खरा पत्ता. सी, युजर्स, तुमचं नाव, डॉक्युमेंट्स असं दिसलं की पाटी जागेवर आली. आता डीवर मोकळ्या पडलेल्या वर्ड-एक्सेलच्या फायली कट करून इथे आणा, ठरवलेली हिशेबाची फाइल इथे ठेवा.

डी ड्राइव्हचं नाव बहुतेक वेळा साइन इन केल्यावर आपोआप पूर्वीसारखं होतं. नाहीच झालं तर ती डेस्कटॉप-डॉट-आयएनआय. कुठल्याही खास फोल्डरात ही लपलेली छोटी फाइल असते आणि ‘मला अमुक नावाने, अमुक आयकॉनने दाखव’ एवढंच ती विंडोजला सांगते. ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये ‘व्ह्यू’ टॅबवर लपलेल्या फायली दाखवा आणि संरक्षित सिस्टम फायली लपवण्याची खूण काढा, मग डीच्या मुळाशी ती फिकट रंगात दिसेल. फक्त तिथली तेवढी डिलीट करा आणि खुणा परत लावून टाका. एकाच जागी दोन-दोन ‘डॉक्युमेंट्स’ दिसतात, अशी तक्रार असते ना, त्यामागेही पुष्कळदा हीच असते. कोणीतरी जुना फोल्डर ‘बॅकअप’ म्हणून कॉपी करतो, सोबत ही फाइलही जाते, आणि फोल्डरचं खरं नाव काहीही असलं तरी तो डॉक्युमेंट्स म्हणूनच मिरवतो.

आता वनड्राइव्हचं काय करायचं ते आधी ठरवा, कारण तुम्ही नाही ठरवलंत तर ते स्वतः ठरवेल. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेल्या विंडोज ११ मध्ये ‘फोल्डरचा बॅकअप घ्या’ अशा सूचना येत राहतात. त्यावर घाईत ‘हो’ म्हटलं की डॉक्युमेंट्सचा पत्ता वनड्राइव्हच्या फोल्डरात जातो. ती चूक नव्हे, त्या सोयीची रचनाच तशी आहे. हवं असेल तर खुशाल चालू करा, पण पत्ता सीवर आणून, फायली एका जागी झाल्यावर. मोफत जागा ५ जीबी आहे आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स तिन्ही मोजले जातात. फोटोंची खूण काढून फक्त डॉक्युमेंट्स ठेवलंत तर सोसायटीच्या कागदांना ती पुरेल. सोसायटीच्या हिशेबासाठी मी ते चालूच ठेवायला सांगेन. सचिव बदलतो, संगणक बदलतो, जुन्या आवृत्त्या तेवढ्या मागे राहतात. नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज बॅकअप’ उघडून डॉक्युमेंट्सचं बटण बंद करा. बंद केल्यावर डॉक्युमेंट्स रिकामं दिसलं तर हाय खाऊ नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिलेल्या असतात. तिथून त्या हाताने आणायच्या.

‘तिन्ही ठिकाणी असू दे की, काय बिघडतं?’ असं घरात कोणी म्हणालंच तर त्यांना २०१८ चा ऑक्टोबर सांगा. विंडोज १० चं त्या महिन्यातलं मोठं अपडेट मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच थांबवावं लागलं होतं, कारण काही लोकांच्या फायली पुसल्या गेल्या. कोणाच्या? ज्यांनी डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांचा पत्ता बदलला होता, पण जुन्या जागी फायली तशाच राहू दिल्या होत्या. अपडेटने ‘हा आता वापरात नसलेला जुना फोल्डर’ असं समजून तो काढून टाकला. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार तक्रारी दहा हजारांत एक इतक्याच होत्या आणि दुरुस्त अपडेट नोव्हेंबरमध्ये आलं. पण त्या एकात आपण असलो तर टक्केवारीचा काय उपयोग?

याच प्रश्नाच्या जवळपासची आणखी दोन-तीन दुखणी, कारण शीर्षक बघून येणाऱ्या प्रत्येकाचा रोग तुमचाच असेल असं नाही. डॉक्युमेंट्सवर क्लिक केल्यावर ‘लोकेशन उपलब्ध नाही’ असं येत असेल तर बहुधा ड्राइव्हचं अक्षर बदललंय. नवी डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह किंवा कायम लावून ठेवलेला पेनड्राइव्ह डी होऊन बसतो आणि तुमची डिस्क ई होते. तिथे रजिस्ट्रीला हात न लावता ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन अक्षरं पूर्वीसारखी करा, फोल्डर आपोआप सापडतो. तिथे डिस्कच दिसत नसेल तर प्रश्न फोल्डरचा नाही. डॉक्युमेंट्स अचानक डाउनलोड्सच्या पोटात गेलं असेल, तर माउसने ओढताना चुकून सोडलं गेलंय. विंडोज आज्ञाधारकपणे पत्ताही तसाच बदलतं. त्यावर ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ पुरतं. मात्र दोन खास फोल्डरांना एकच पत्ता दिला असेल, उदाहरणार्थ डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप दोन्ही एकाच फोल्डरात, तर ते बटण अडून बसतं आणि वर सांगितलेला रजिस्ट्रीचाच रस्ता धरावा लागतो. आणि तुमच्या नावाच्या फोल्डरात फिकट दिसणारं ‘माय डॉक्युमेंट्स’ उघडताना ‘अॅक्सेस डिनाइड’ आलं तर ते सोडून द्या. एक्सपीच्या काळातल्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेला तो नुसता दुवा आहे, त्यात काही नसतं. त्याच्या परवानग्या बदलायच्या फंदात पडू नका.

पत्ता बदलल्यावरही एक्सेल ‘सेव्ह अॅज’ला डीच उघडत असेल तर ते विंडोजचं ऐकत नाहीये, स्वतःचं ऐकतंय. एक्सेलच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘सेव्ह’ विभागात ‘डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन’ ही वेगळी ओळ आहे, ती दुरुस्त करा. वर्डमध्ये तीच गोष्ट पुन्हा, कारण दोघांची नोंद वेगवेगळी असते. लिबरऑफिस वापरणाऱ्यांना ती ‘ऑप्शन्स’मधल्या ‘पाथ्स’मध्ये सापडेल. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचंही बघा. पावत्या स्कॅन करून ठेवत असाल तर त्या पहिल्या दिवसापासून योग्य जागी पडायला हव्यात. आउटलुक असेल तर त्याच्या डेटा फायली हलवताना ते पूर्ण बंद ठेवा. टॅलीच्या डेटाला मात्र या सगळ्यात हात लावू नका, त्याचा पत्ता टॅलीच्याच आत लिहिलेला असतो आणि डॉक्युमेंट्सशी त्याचा संबंध नाही.

घरात दुसऱ्या कोणाचा वेगळा युजर असेल तर त्याचं डॉक्युमेंट्स या खटाटोपाने बदलत नाही, प्रत्येक युजरचा पत्ता स्वतंत्र असतो. दुकानातल्या मुलाने त्यांचंही वळवलं असेल तर त्यांच्या लॉगिनमधून हेच पुन्हा करावं लागेल, आणि त्यांनाही डीच्या मुळाशी सगळं पसरलेलं दिसत असणार. त्यांच्या फायली आधी त्यांना ओळखू द्या, तुमच्या समजून हलवू नका.

‘जुन्या प्रती’चा तो फोल्डर यंदाचं ऑडिट पार पडेपर्यंत पेनड्राइव्हवर असू द्या. साइन इन केल्यावर त्या रिकाम्या टेक्स्ट फायलीच्या ‘लोकेशन’मध्ये डीच दिसत राहिली, तर ‘पर्सनल’ची ओळ नेमकी काय दाखवते त्याचा फोटो काढून इथे टाका. टक्क्याचं एखादं चिन्ह राहून गेलेलं असतं, बहुतेक वेळा तेवढंच निघतं.